धाप आणि धास्ती: फुप्फुसांच्या पुनर्वसनाने मन कसं सावरतं

सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा दीर्घकाळचा आजार, असलेला माणूस दुसऱ्या मजल्यावर चढताना मध्येच थांबतो, कारण धाप लागते आणि जीवही घाबरा होतो. घाबरलं की श्वास भरभर चालतो. आधीची हवा पुरती बाहेर पडायच्या आत पुढचा श्वास घेतला जातो, हवा छातीत कोंडते, धाप आणखी वाढते. हळूहळू तो जिना टाळतो, मंडईत जाणं सोडतो, लग्नाकार्याला नको म्हणतो. न वापरल्याने मांड्या उतरतात आणि तेवढ्याच चालण्याला आता जास्त दम लागतो. उदासी इथूनच घरात शिरते. पल्मनरी रिहॅब म्हणजे फुप्फुसांचं पुनर्वसन हे चक्र तोडतं. खराब झालेली फुप्फुसं त्याने नवी होत नाहीत, पण स्नायू सुधारतात आणि लागलेली धाप ओसरते याची खात्री मनाला पटते.

सुरुवात छातीच्या डॉक्टरांकडून करा. साधारण ३० मीटरच्या सपाट पॅसेजमध्ये सहा मिनिटं चालवून ते चाललेलं अंतर आणि रक्तातला ऑक्सिजन मोजतात. व्यायाम किती द्यायचा हे त्यावरून ठरतं. कार्यक्रम बहुधा ६ ते १२ आठवड्यांचा असतो, आठवड्यातून दोन-तीनदा. शक्य असेल तर गटातच जा. आपल्यासारखाच धापा टाकणारा माणूस शेजारी सायकल मारताना दिसला की एकटेपणा बराच कमी होतो.

श्वासाचा सराव मात्र घरी, शांत असताना करा. नाकाने हळू श्वास घ्या, मनात एक-दोन मोजा. मग बशीतल्या गरम चहावर फुंकर घालतो तसे ओठ करून एक-दोन-तीन-चार मोजेपर्यंत सोडा. जोर लावू नका. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. सगळ्यात जास्त चुकतं ते इथे: धाप लागली की माणूस मोठा श्वास ओढायला जातो, पण आत जागाच नसते. आधी सोडायचा असतो. पुण्याच्या पेठांमधल्या लिफ्ट नसलेल्या इमारतीत हेच वापरा: श्वास घेताना उभं राहा, सोडताना दोन पायऱ्या चढा. तरी घाबरं झालंच तर बसून, पुढे झुकून कोपरं मांड्यांवर टेका.

चालायला संभाजी उद्यानासारखी बाकं असलेली सपाट जागा बरी. पर्वतीच्या पायऱ्या सुरुवातीला नकोत. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गारठा आणि शेकोट्यांचा धूर असतो, तेव्हा दुपारी चारनंतर निघा. कबुतरांना दाणे टाकतात तिथून लांब राहा. आयएलडी म्हणजे फुप्फुसं कडक होत जाणारे आजार; त्याच्या काही रुग्णांत आजाराचं मूळच कबुतरांच्या विष्ठेत आणि पिसांत असतं.

दोन मिनिटं चाला, एक मिनिट थांबा, असं पाच वेळा. धापेला शून्य ते दहा गुण द्या आणि तीन-चारच्या आसपास राहा. शून्यावरच थांबलात तर फायदा होत नाही. एका वहीत तीन रकाने आखा: किती चाललो, किती धाप लागली, ओसरायला किती मिनिटं लागली. मनाला आधार देणारा रकाना तिसरा. पहिल्या आठवड्यात सहा मिनिटं लागत होती आणि पाचव्यात तीन, हे स्वतःच्या अक्षरात वाचलेलं असलं की पुढच्या वेळी घबराट कमी होते.

घरच्यांनी 'बसून राहा, आम्ही करतो' म्हणणं थांबवावं. भाजी निवडणं, कपड्यांच्या घड्या घालणं ही कामं रुग्णाला स्वतः करू द्या.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर केवळ व्यायामावर विसंबू नका. डॉक्टरांना स्पष्ट सांगा किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नका, काहींनी श्वास मंदावतो.

आजार उसळून दवाखान्यात राहावं लागलं तर खचून वही बंद करू नका. डॉक्टरांनी हो म्हटलं की आधीच्या निम्म्यापासून सुरू करा. चालताना छातीत दुखलं, चक्कर आली किंवा बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्या खाली गेला तर तिथेच थांबा. बसूनही तो वर येत नसेल किंवा दुखणं थांबत नसेल, तर लगेच दवाखाना गाठा.