समुद्रावर जाताना पाणी न्या

टॉवेल, टोप्या, जादा कपडे, चपला. हे कुणी सांगायची गरज नाही, ते आपण घेतोच. पहिली वस्तू डिकीत ठेवायची ती २० लिटरचा पाण्याचा कॅन. प्यायचं पाणी वेगळं, हे वेगळं. समुद्रातून बाहेर आलेलं लेकरू धुवायला साधं, गोडं, आपल्या नळाचं पाणी. बोअरचं असलं तरी चालतं, साबणाला फेस येणार नाही एवढंच. कॅन आधी ठेवा, मग बाकीच्या बॅगा त्याच्या भोवतीनं बसवा. बॅगा आधी ठेवल्या की कॅनला जागा उरत नाही, आणि मग तुम्ही तेच कराल जे मी केलं.

आम्ही लातूरचे. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते आमच्या गावाला. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाचेक लाख लिटर पाणी. त्याच्या आधीच्या महिन्यात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. तेव्हापासून आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, घरातलं रिकामं भांडं पालथं ठेवत नाहीत. पातेली, कळश्या, बादल्या, सगळं भरलेलं. मागच्या डिसेंबरात गुहागरला निघालो तेव्हा त्यांनी न सांगता डिकीत कॅन भरून ठेवला होता. मी तो उतरवला. लेकरांच्या वाळूच्या खेळण्यांचं बोचकं बसत नव्हतं म्हणून. वर त्यांना म्हणाले, "आत्याबाई, समुद्रावर चाललोय आपण. तिथं पाण्याला काय तोटा?" त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिथं काय झालं ते सांगते. माझी दोन, जावेचं एक, अशी तीन लेकरं दोन तास पाण्यात लोळली. किनाऱ्यावर अंघोळीची सोय होती, पण मोटार बंद. दुसरीकडं रांग लागलेली आणि पाण्याची करंगळीएवढी धार. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे दोन मोठे चमचे. अंगावरचं पाणी वाळतं, मीठ अंगावरच राहतं. त्यात वाळू. ती चड्डीत, काखेत, कानामागं, मानेच्या वळ्यांत जाऊन बसते. ओलं असताना लेकरू हसत असतं, वाळलं की चालताना मांड्या घासतात आणि सुरू होतं. प्यायच्या बाटल्यांतलं पाणी धाकट्याचे डोळे धुण्यात संपलं. मग शहाळं विकत घेतलं आणि त्याच्या पाण्यानं पोरीचं तोंड धुतलं. हसू नका. तोंड चिकट झालं, त्याला परत वाळू चिकटली. कुंभार्ली घाट चढेपर्यंत तीन आवाजांत रडणं चालू होतं. दुसऱ्या दिवशी मांड्या लालभडक. आत्याबाईंनी खोबरेल लावलं, तेव्हाही काही बोलल्या नाहीत.

म्हणून कॅन. एका लेकराला तांब्यानं, बेतानं, पाच लिटर पुरतात. केस, तोंड, मग खाली. उलट्या क्रमानं केलंत तर डोक्यातली वाळू परत खाली येते आणि दुसरा तांब्या जातो. तीन लेकरांचे १५, उरलेल्या पाचात मोठ्यांचे पाय. नळाचा कॅन असेल तर उत्तम, नसेल तर तांब्या विसरू नका, कॅनमधून थेट ओतलं की निम्मं वाळूत जातं. कॅन वाळूवर न्यायचा नाही, २० किलो ओझं आहे ते, गाडीतच राहू द्या. उन्हात गाडी तापते, पाणी कोमट होतं, लेकरं कुडकुडत नाहीत. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, दुसऱ्या खेपेला कळलं. आणि कॅनवर मोठ्या अक्षरांत लिहा: धुण्याचं. नाहीतर कराडच्या अलीकडंच कुणीतरी त्यातून बाटल्या भरून घेतं. आमच्याकडं ह्यांनीच भरल्या होत्या.

आता बाकीचं.

जायचा दिवस सुट्टी बघून ठरवू नका, तिथी बघून ठरवा. आपल्याकडच्या माणसाला भरती-ओहोटी ही भानगडच माहीत नसते. आपण मांजरा धरण बघितलेलं, गोदावरीचा घाट बघितलेला. तिथलं पाणी सकाळी असतं तिथंच संध्याकाळी असतं. समुद्राचं तसं नाही. कोकणातली माणसं तिथीची पाऊणपट करतात, ती भरतीची वेळ. म्हणजे अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाच्या पुढं पूर्ण भरती. साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुक्ल असो की कृष्ण, पक्षाच्या प्रतिपदेपासून मोजायचं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी छापलेली असतेच, चतुर्थीचा उपास बघायला आपण रोज तिथं बघतोच की. आम्ही दुसऱ्यांदा द्वादशी धरली. नऊला भरती, सव्वातीनच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. साडेतीनला गेलो तर ओली, कडक, सपाट वाळू लांबवर मोकळी होती, ऊन उतरायला लागलेलं आणि पाणी हळूहळू वर येत होतं. पाणी मागं सरत असताना लेकरांना आत सोडू नका, ते ओढून नेतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास तर नकोच, उधाण असतं. हे सगळं अंदाजाचं गणित आहे, तिथं गेल्यावर गावातल्या माणसाला विचारायचंच. आणि पावसाळ्यात जायचा विचारच सोडा. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत कोळ्यांच्या मोठ्या होड्यासुद्धा समुद्रात जात नाहीत, तुम्ही काय टायर घेऊन जाणार?

टायरवरून आठवलं. हवेचे टायर, हवेची बदकं, हवेचे मासे, हे घरी ठेवा. सकाळी मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडं वाहतो. शाळेत पाठ केलेलं असतं सगळ्यांनी, पण टायर निघून जाताना बघितल्याशिवाय अर्थ कळत नाही. टायरमध्ये लेकरू असलं तर मग काय, बोलायलाच नको. घमेलं, डबा, जुनी वाटी, एक फुलपात्र. वाळूत खेळायला एवढं पुरतं. ज्या बोचक्यासाठी मी कॅन उतरवला त्यातल्या अकरा वस्तूंपैकी पोरांनी फक्त घमेलं वापरलं.

कपडे भडक भगवे किंवा लाल घाला. निळा, पांढरा, राखाडी नको, पाण्यात लेकरू दिसत नाही. गर्दीत लेकरू हरवलं तर "निळा शर्ट" सांगून उपयोग नाही, निम्मी पोरं निळ्या शर्टात असतात. लेकराच्या मनगटावर पेनानं आपला मोबाइल नंबर लिहा आणि नंबरावर खोबरेल चोळू नका, पुसतो. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, कारण क्रीम पाण्यानं जातंच. क्रीम लावायचं तर एसपीएफ ३० किंवा जास्तीचं, पाण्यात जायच्या अर्धा तास आधी, आणि दर दोन तासांनी परत. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर त्याला लावूच नका, सावलीत ठेवा. आपण म्हणतो, लातूरच्या उन्हात वाढलेली पोरं आहेत, समुद्राचं ऊन काय करणार? वारा गार असतो म्हणून कळत नाही, एवढाच फरक. रात्री कळतं.

लंगोटाच्या वयाचं लेकरू असेल तर नेहमीचा डायपर घालून पाण्यात बसवू नका. तो समुद्र पितो, फुगतो, किलोभर होतो आणि आत वाळू धरून ठेवतो. मग मांडीचं काय होतं ते वर सांगितलंच आहे. साधी सुती चड्डी घाला. बाहेर आलं की लगेच धुवा. कशानं? कॅनमधल्या पाण्यानं. बघा, परत तिथंच आलं.

खाण्याचं लातूरहून न्या. गुहागर आमच्यापासून साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. सोलापूर, पंढरपूर, कराड, मग घाट उतरून चिपळूण. एवढ्या वाटेत लेकरं चारदा जेवतात आणि पाचदा भूक लागली म्हणतात. दुधात भिजवलेल्या गुळाच्या दशम्या दोन दिवस टिकतात. धपाटे टिकतात, पण दही टिकत नाही, त्याच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी घ्या. चिवडा घेऊ नका. वाऱ्यावर अर्धा उडतो आणि उरलेल्या अर्ध्यात वाळू. दशमीला गुंडाळी करून हातात दिली की एका हातानं खाता येते, दुसरा हात वाळूत. केळी वरच्या पिशवीत, खाली ठेवली की शिकरण. पोळ्यांच्या डब्याला कापड बांधा.

प्यायचं पाणी माणशी तीन लिटर धरा. लेकरं खेळात पाणी मागत नाहीत, पाऊण तासानं धरून पाजावं लागतं. समुद्राचं पाणी नाकातोंडात जातंच, मग तहान जास्त आणि उलटीही. ओआरएसची दोन पाकिटं ठेवा. एक मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्ध्या बाटलीत नाही. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ चमचाभर नका टाकू, आपल्या हाताला सवय आहे.

अंगाला चिकटलेली ओली वाळू पुसू नका, घासलं की कातडी सोलते. आधी ती सुकू द्या, मग मक्याचं पीठ, तेच ते कॉर्नफ्लोअर, हातापायांवर शिंपडून हलकं झाडा, बरीचशी गळून पडते. तोंडाजवळ नको, श्वासात जातं. पण ही पुढची युक्ती आहे, पाण्याला पर्याय नाही. पीठ वाळू काढतं, मीठ काढत नाही. हे मी परत परत सांगतेय, कारण दुसऱ्या वेळी जाऊबाईंनी पिठाचा डबा घेतला आणि म्हणाल्या, "ताई, आता कॅनची काय गरज?" मी कॅनवर हात ठेवून उभी राहिले.

सतरंजी नको, ती पाणी पिते आणि परतीला ओझं होतं. शेतातली ताडपत्री किंवा युरियाची उसवलेली पोती चांगली, झटकली की झालं. सावलीला सुरूची झाडं आहेत, छत्रीवर पैसे घालू नका. चपला पाण्याच्या कडेला काढू नका, भरती नेते. दुपारी वाळू तव्यासारखी तापते, आमचा धाकटा शेतात अनवाणी फिरतो, तोसुद्धा उड्या मारत माघारी आला. गाडी वाळूवर घालू नका, रुतते, आणि मग भरती कुणाची वाट बघत नाही. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत. दागिने घरी. मंगळसूत्र काढायला आत्याबाई नाही म्हणाल्या, मग दोऱ्यात ओवलेलं घातलं.

एक माणूस फक्त लेकरं बघायला. फोटो काढणारा वेगळा, खाणं वाढणारा वेगळा. लेकरू गुडघ्याइतक्याच पाण्यात आणि तो माणूस हाताच्या अंतरावर. त्याच्या हातात मोबाइल नको. लाट परत जाताना पायाखालची वाळू सरकते, आपण मोठे डळमळतो, चार वर्षांचं पोर आडवंच होतं. धरणाच्या काठावर "इथं उभा राहा" म्हटलं की चालतं, इथं चालत नाही.

निघायची वेळ अंधाराच्या आधी एक तास. कुणीच ऐकणार नाही, तरी सांगा. धुणं, पुसणं, कपडे बदलणं यात तीन लेकरांचा पाऊण तास जातो. कोरडे कपडे प्रत्येकाच्या वेगळ्या पिशवीत, नावाची चिठ्ठी लावून. ओले कपडे पोत्यात. खोबरेल मांड्यांना, मानेला. गाडीच्या सीटवर जुनी चादर. उलटीच्या पिशव्या पुढच्या खणात, मागं नको, सापडत नाहीत. बाकी तुमचं तुम्ही बघा.

कॅन रिकामा झाला असेल तर चिपळूणला परत भरून घ्या. पुढं घाट आहे आणि घाटात लेकरू ओकतंच.