निराधार योजनेचा अर्ज देण्याआधी नावं जुळवा

दिव्यांगांना संजय गांधी निराधार योजनेत अर्ज करायचा तर सुरुवात तहसीलपासून नको, जिल्हा रुग्णालयापासून करा. स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर नोंदणी करून, रुग्णालयात तपासणी झाल्यावर यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) घ्या. अपंगत्व किमान 40 टक्के लागतं. अपंगत्वाचं प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्याची मुदत बघा.

दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50,000 रुपये आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढताना तलाठ्याला रक्कम दाखवून खात्री करा.

खरी अडचण नावांची. आधारवर ‘बाबूराव’, यूडीआयडी कार्डावर ‘बाबुराव’, पासबुकात नुसतं ‘बाबू’ असं असलं की अर्ज अडकतो किंवा मंजुरीनंतर पैसे येत नाहीत. आधी आधार दुरुस्त करा, मग बाकीचं.

अनुदान थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतं. खात्याला आधार नुसतं केवायसीसाठी दिलेलं पुरत नाही. बँकेत डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीडिंग, म्हणजे आधारची जोडणी, झालंय का, हे स्पष्ट विचारा. दोन खाती असतील तर पैसे शेवटी सीडिंग केलेल्या खात्यात जातात, आणि माणूस बिचारा दुसरंच पासबुक भरून बघत बसतो.

अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत द्या. तारीख-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय परतू नका.