डोक्यातलं वाक्य कसं पकडायचं आणि बदलून कसं बघायचं

भाषा आणि विचार यांच्या नात्यावर वाचायला ढीगभर आहे, पण ते नातं स्वतःवर करून बघता येतं आणि त्याला एक वही आणि रोजची दहा मिनिटं पुरतात. मी दोनेक वर्षं करतेय, जसं जमत गेलं तसं सांगते.

आधी वाक्य पकडा. काहीतरी मनात घोळत असेल तर डोक्यात जे शब्द चाललेत ते जसेच्या तसे उतरवायचे, शुद्धलेखन बघायचं नाही, मध्येच इंग्लिश आलं तर तेही तसंच. कधी शब्द नसतातच, नुसतं चित्र असतं किंवा पोटात गोळा, तेव्हा ओढूनताणून वाक्य बनवू नका, शब्द नाहीत एवढंच लिहा. कारण सगळा विचार भाषेतच होतो हे काही खरं नाही. मेंदूला इजा होऊन ज्यांचं बोलणं आणि वाक्य समजणं जवळपास गेलंय असे पेशंट बेरीज-वजाबाकी, गुणाकार करू शकतात हे २००५ च्या एका अभ्यासात दिसलंय. आणि आपलंच बघा ना, परवा म्हणजे होऊन गेलेला पण आणि येणारा पण, तरी त्या दोन दिवसांत कोणी गोंधळत नाही. भाषा आपल्याला कोंडून घालत नाही, ती बोट दाखवते, इकडे बघ म्हणते, आणि मग दुसरीकडे बघायचं आपल्याला सुचतच नाही.

आता क्रियापद तपासा, माझ्या मते सगळ्यात जास्त हाताला लागतं ते इथेच. मागे एका मैत्रिणीची आई आजारी होती आणि मी कितीतरी दिवस फोन केला नव्हता. वहीत वाक्य उतरलं, "फोन करायचा राहून गेला." मराठीत ही सोय फार छान आहे, राहून गेलं, विसरायला झालं, उशीर झाला, काच फुटली, करणारा माणूस वाक्यातच नाही. मी खाली लिहिलं, "मी फोन केला नाही." लगेच पुढचा प्रश्न आला, का नाही केला? तर काय बोलायचं ते कळत नव्हतं म्हणून टाळत होते. "राहून गेलं" या वाक्याला "का?" असं विचारताच येत नाही हो! त्याच संध्याकाळी फोन केला आणि टाळत होते हेच सांगितलं, तासभर बोललो आम्ही.

उलटंही करायचं. "मी सगळ्याची वाट लावली" असं वाक्य असेल तर तिथे "हे असं झालं" लिहून बघा, कदाचित तिथे खरंच तुमचा एकट्याचा हात नसेल. एका शब्दाने किती फरक पडतो याचा १९७४ चा प्रयोग प्रसिद्ध आहे, लोकांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली आणि वेग किती होता ते विचारलं, काहींना "एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा", काहींना "एकमेकींना लागल्या तेव्हा". आदळल्यावाल्यांचा अंदाज सरासरी ताशी ४० मैलांहून थोडा जास्त, लागल्यावाल्यांचा ३२ च्या आसपास. फिल्म तीच होती.

मग नावं. "टेन्शन आलंय" हे वाक्य वहीत सारखं सारखं दिसेल. ते खोडायचं आणि नेमका शब्द शोधायचा, धाकधूक आहे की धास्ती, हुरहूर आहे की घालमेल, का रुखरुख? रुखरुख असेल तर काहीतरी करायचं राहिलेलं असतं, धाकधूक असेल तर निकालाची वाट बघणं चालू असतं, दोन्हीवर उपाय एकच कसा असेल? हे शब्द मोठी माणसं सहज वापरायची, आपण सगळ्याला टेन्शन करून टाकलं याचं मला मनापासून वाईट वाटतं. भावनेला नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डाला नावाच्या भागाची खळबळ कमी होते हे २००७ च्या स्कॅनिंगच्या अभ्यासात दिसलं होतं, त्यामुळे शब्द शोधण्यात पाच मिनिटं गेली तरी जाऊ द्या.

मोठा निर्णय असेल तर तोच प्रश्न शिकलेल्या भाषेत, म्हणजे इंग्लिश किंवा जी येते तिच्यात, लिहून काढा. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं की एका जीवघेण्या रोगावरच्या दोन औषधांतलं एक निवडायला सांगितलं, तर ६ लाख माणसांपैकी २ लाखांचे जीव वाचतील म्हटलं की लोक खात्रीचं औषध निवडतात, ४ लाख मरतील म्हटलं की जुगारासारखं दुसरं, आकडा तोच असूनसुद्धा, पण परक्या भाषेत विचारलं की हा फरक जवळपास निघून जातो. परकी भाषा काळजाला तेवढी भिडत नाही हे एक कारण असावं. म्हणूनच नात्यातल्या गोष्टी मी तिच्यात लिहीत नाही, पैशांच्या आणि नोकरीच्या लिहिते. दुसरी भाषा नसेल तर स्वतःला नावाने हाक मारून "तू" म्हणून लिहा, तेवढ्यानेही जरा लांबून बघता येतं.

दिवसाला एकच वाक्य घ्या, जास्त नको, नाहीतर बोलताना प्रत्येक शब्दाला अडखळायला होतं. आणि दुसऱ्याच्या वाक्यावर हे करू नका. कोणी रडत रडत "राहून गेलं गं" म्हणत असेल तर त्या क्षणी त्याला त्याच शब्दाचा आधार असतो, तो राहू द्या.