लॅपटॉपचं वाय-फाय कार्ड बदलायचंय? पैसे मोजण्याआधी झाकण उघडा

सांगलीत विश्रामबागला माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. आसपास कॉलेजं आणि होस्टेलं भरपूर, त्यामुळे "ताई, कार्ड ऑनलाइन मागवलंय, तेवढं बसवून द्या" म्हणत पोरं पाकीट घेऊन येतात. बसवणं हे अर्ध्या तासाचंही काम नाही. पण त्यातली कितीतरी पाकिटं मला तशीच परत द्यावी लागतात, कारण आणलेलं कार्ड त्या लॅपटॉपला चालणारच नसतं. पोरांचे दीड-दोन हजार अडकतात आणि मला वाईट वाटतं. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. ज्याचा हात स्थिर आहे त्याने हे घरी करावं, माझ्याकडे यायची गरज नाही.

आधी बदलायची गरज आहे का ते बघा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्कखाली वाय-फायच्या प्रॉपर्टीज उघडल्या की लिंक स्पीड, म्हणजे लॅपटॉप आणि राउटरमधला वेग, एमबीपीएसमध्ये दिसतो. तिथे ७२ दिसत असेल तर तुमचं कार्ड २.४ गिगाहर्ट्झवर एकाच अँटेनावर चाललंय. ४३३ असेल तर ५ गिगाहर्ट्झवर एक अँटेना, ८६६ असेल तर दोन. हे आकडे कागदावरचे, प्रत्यक्षात त्याच्या साधारण निम्मा वेग हाती येतो. तुमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा आणि लिंक ४३३ची असेल तर वेगासाठी कार्ड बदलू नका, काही फरक पडणार नाही. ७२वाल्यांनी मात्र जरूर बदलावं. त्याआधी घरातला राउटर ५ गिगाहर्ट्झ देतो का तेही बघून घ्या. जुना एकाच बँडचा राउटर असेल तर भारीतलं कार्ड घालूनही लॅपटॉप २.४वरच राहणार.

मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाच्या दिवाणजींचं उदाहरण सांगते. हळदीचे सौदे सुरू झाले की त्यांचं नेट रडायला लागायचं. बिलं चढेनात, बँकेचं पान उघडेना. लाइनवाल्याने येऊन तपासलं, लाइन चोख होती. खरी अडचण हवेत होती. ओळीने गाळे, प्रत्येक गाळ्यात एक राउटर आणि सगळे २.४वर. त्या बँडमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. वीसेक राउटर त्या तीन चॅनेलांत कोंबले की प्रत्येकाला दुसऱ्याचं बोलणं संपायची वाट बघावी लागते. दिवाणजींच्या राउटरवर ५ गिगाहर्ट्झ होतं, पण लॅपटॉपमधलं कार्डच फक्त २.४चं. अशा ठिकाणी कार्ड बदलण्याइतका स्वस्त आणि नेमका उपाय दुसरा नाही.

उलट गावभागातल्या जुन्या वाड्यांत मी कार्ड बदलायला नको म्हणते. हातभर जाडीच्या भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ २.४पेक्षाही कमी जातं. तिथे माजघरापर्यंत लॅन केबल ओढून दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय देणारा डबा, लावावा, त्याच पैशात काम होतं.

आता कोणतं कार्ड घ्यायचं ते. इथेच बहुतेकांचे पैसे जातात. कार्ड मागवण्याआधी लॅपटॉपचं खालचं झाकण उघडा आणि डोळ्यांनी बघा. तीन प्रकार दिसतील. गेल्या आठ-दहा वर्षांतल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये एम डॉट टू २२३० मापाचं कार्ड असतं, २२ मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर लांब. त्याआधीच्या मशिनांत हाफ मिनी कार्ड, जास्त रुंद आणि दोन स्क्रूंनी बसवलेलं. आणि काही पातळ लॅपटॉपमध्ये वाय-फायची चिप बोर्डावरच झाळलेली असते, स्क्रू नाही की सॉकेट नाही. तिथे विषय संपला, यूएसबी डोंगल घ्या. हाफ मिनीवाल्यांनी इंटेल ७२६० कार्ड हाफ मिनीमध्ये शोधावं. त्याचा एसी प्रकार घ्यायचा. एन हा त्याआधीच्या पिढीचा वाय-फाय प्रकारही मिळतो, आणि त्यातला एक तर नुसता २.४चा आहे.

एम डॉट टू असेल तर प्रोसेसर बघा. इंटेलची एएक्स २०० आणि एएक्स २१० ही कार्डं स्वतंत्र आहेत, पीसीआयईवर, म्हणजे बोर्डावरच्या सर्वसाधारण जोडणीवर, चालतात. एएमडी असो की इंटेल, दोन्हीकडे चालतात. एएक्स २०१ आणि एएक्स २११ ही दिसायला तशीच, त्याच सॉकेटात बसतात, किमतीलाही थोडी कमी. पण ती अर्धीच कार्डं आहेत. त्यांच्यावर फक्त रेडिओचा भाग असतो, उरलेलं काम इंटेलच्या प्रोसेसरमध्ये किंवा चिपसेटमध्ये होतं. २०१ला इंटेलची दहावी किंवा त्यानंतरची पिढी लागते. रायझनच्या, म्हणजे एएमडीच्या प्रोसेसरच्या, लॅपटॉपात २०१ घातलं तर ते नुसतं बसून राहतं, विंडोजला दिसतसुद्धा नाही. माझ्याकडून परत जाणारी बहुतेक पाकिटं हीच. बीई २०० हे वाय-फाय ७चं कार्ड आहे, तेही एएमडीच्या लॅपटॉपसाठी घेऊ नका. मी बहुतेकांना एएक्स २१० सांगते. मूळचं २०१ असलेल्या इंटेल लॅपटॉपवर ते बऱ्याचदा चालतं, पण काही बोर्डांवर त्या सॉकेटला पीसीआयईची जोडणीच दिलेली नसते. त्यामुळे तिथे परत करता येईल अशाच ठिकाणाहून घ्या. विंडोज ७ किंवा ३२ बिट विंडोज असेल तर या कार्डांना ड्रायव्हर मिळणार नाही. लिनक्सवाल्यांना २००साठी कर्नेल ५.१ आणि २१०साठी ५.१० पासून पुढचं हवं.

लेनोवो आणि एचपीच्या जुन्या काही मॉडेलांत अजून एक अडथळा असतो. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ठरावीक कार्डांची यादी असते आणि यादीबाहेरचं कार्ड घातलं की मशीन सुरूच होत नाही. लेनोवोवर १८०२ आणि एचपीवर १०४ क्रमांकाचा संदेश येतो. घाबरू नका, जुनं कार्ड परत घातलं की मशीन पूर्ववत होतं. २०१५च्या आसपासचं किंवा त्याआधीचं मशीन असेल तर त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये चालणाऱ्या कार्डांची यादी बघून मगच मागवा.

झाकण उघडलंयच तर अँटेनाच्या तारा मोजा. कार्डावर दोन बारीक गोल टोपणं दिसतील, एक काळ्या तारेचं, एक पांढऱ्या किंवा राखाडी तारेचं. स्वस्तातल्या लॅपटॉपात कंपनी एकच तार देते. दिवाणजींच्या मशीनमध्ये एकच होती. नवं कार्ड दोन अँटेनांचं असलं तरी एका तारेवर चालतं, वेग मात्र निम्मा. मी त्यांना दुसरी अँटेना घालून दिली नाही. ४३३ची लिंक मिळत होती, प्लॅन १००चा. उगाच बिजागरीतून नवी तार ओढण्यात अर्थ नव्हता.

या तारा बिजागरीतून वर स्क्रीनच्या कडेला गेलेल्या असतात. ज्याची बिजागरी एकदा तुटून जोडलेली आहे त्याने झाकण मागे-पुढे हलवून सिग्नल बघावा. हलवताना सिग्नल पडत असेल तर तार तुटलीये, कार्डाचा दोष नाही. २०१९ आणि २०२१च्या पुरात भिजलेले लॅपटॉप अजूनही माझ्याकडे येतात. त्यांच्या टोपणांत हिरवट थर साचलेला असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने तो साफ करून बघा, कधी कधी तेवढ्यानेच जुनं कार्ड नीट चालायला लागतं.

आता प्रत्यक्ष काम. नव्या कार्डाचे वाय-फायचे आणि ब्लूटूथचे ड्रायव्हर आधीच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. इंटेलची ही दोन वेगळी पॅकेजेस आहेत. कार्ड बदलल्यावर नेट नसणार आणि मग ड्रायव्हर कुठून आणणार? विसरलातच तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्यातली रिकव्हरी की वहीत उतरवून ठेवा. मग शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन करा. नुसतं शट डाउन केलं तर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धवटच बंद होतं.

चार्जर काढा. लाकडी टेबलावर मऊ कापड घाला आणि लॅपटॉप उलटा ठेवा. बहुतेक ठिकाणी बारीक फुलीचा स्क्रूड्रायव्हर चालतो, काही मॉडेलांत टॉर्क्स टी ५ लागतो. एखादा स्क्रू रबराच्या पायाखाली दडलेला असतो, झाकण एका बाजूने निघत नसेल तर जोर न लावता तिथे बघा. कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर तो वरच्या बाजूला टचपॅडपाशी फुगवटा काढतो, कधी आरपारही जातो. खाचा सोडवायला जुनं एटीएम कार्ड पुरतं, लोखंडी पाती नको.

झाकण निघालं की सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर सोडवा. त्याआधी काहीही शिवायचं नाही. आत धूळ असेल तर ब्रशने काढा. दिवाणजींच्या पंख्यात हळदीची पिवळीधमक पूड बसली होती, सॉकेटच्या कडेलाही होती. ती झाडल्याशिवाय नवं कार्ड घातलं असतं तर पूड थेट सोनेरी पट्ट्यांखाली गेली असती.

जुन्या कार्डाचा मोबाइलवर जवळून फोटो काढा. कोणत्या रंगाची तार कुठल्या बाजूला ते त्यात नीट दिसायला हवं. कंपनीगणिक रंग बदलतात, म्हणून फोटोवरच विसंबा. टोपणं टिचबटणासारखी असतात. टोपणाच्या कडेखाली नख किंवा प्लॅस्टिकची काडी घालून सरळ वर उचला. तार धरून कधीही ओढू नका, ती टोपणातून उपटून येते आणि ती जोडायला मायक्रोस्कोप लागतो. ही टोपणं पुन्हा पुन्हा काढ-घाल करण्यासाठी बनवलेली नाहीत, जेमतेम तीसेक वेळा टिकतील अशीच असतात. त्यामुळे सहज म्हणून काढून बघू नका.

कार्डाचा स्क्रू काढला की कार्ड आपोआप तिरकं वर येतं. त्याच तिरक्या रेषेत बाहेर ओढा. नवं कार्ड कडेने धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका, खाच जुळवून तिरकंच आत सरकवा, खाली दाबा, स्क्रू लावा. स्क्रू बसला एवढंच बघा, करकचून आवळू नका.

मग टोपणं, आणि इथे घाई नको. चांगला उजेड घ्या. टोपण कार्डावरच्या गोल खुंटीवर नेमकं मध्यावर ठेवा. बोटाने हलकेच गोल फिरवून बघा. मध्यावर असेल तर ते जागच्या जागी फिरतं, तिरकं असेल तर घसरतं. जागेवर आहे याची खात्री झाली की नखाने किंवा चिमट्याच्या मागच्या टोकाने सरळ खाली दाबा. टक असा बारीक आवाज येतो, बोटालाही कळतो. आवाज आला नाही तर जोर वाढवू नका, उचलून पुन्हा मध्यावर ठेवा. तिरकं असताना दाबलं की आतली कडी चेपते आणि मग ते टोपण कशावरच बसत नाही. हाफ मिनी कार्डांची टोपणं मोठी असतात, ती एम डॉट टूवर बसत नाहीत, प्रयत्नही करू नका.

बॅटरी जोडा, झाकण नुसतं टेकवा, लॅपटॉप सुलटा करून सुरू करा. स्क्रू नंतर. ड्रायव्हर टाका, एकदा रीस्टार्ट करा, मग लिंक स्पीड बघा. ५ गिगाहर्ट्झ दिसूनही लॅपटॉप २.४च धरत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या ॲडव्हान्स्ड टॅबवर प्रिफर्ड बँड ५ करा. राउटरपाशी सिग्नल चांगला आणि चार पावलांवर पडतो, असं झालं तर एखादं टोपण नीट बसलेलं नाही. कार्ड दिसतच नसेल तर बॅटरी सोडवून ते काढून पुन्हा बसवा. वाय-फाय आहे पण ब्लूटूथ नाही, ही तक्रार वेगळी. ब्लूटूथ त्याच सॉकेटातल्या यूएसबीच्या जोडणीवर चालतं आणि काही जुन्या बोर्डांवर ती जोडणीच नसते. ते ब्लूटूथ कुठल्याच ड्रायव्हरने येणार नाही, छोटं डोंगल लावा. एकच तार असेल आणि ब्लूटूथ फार कमकुवत असेल तर ती तार कार्डाच्या दुसऱ्या खुंटीवर लावून बघा.

सगळं ठीक असेल तर स्क्रू लावा, आधी कोपऱ्यांचे, मग मधले. जुनं कार्ड फेकू नका. पाकिटात घालून लॅपटॉपच्या बिलासोबत ठेवा. वॉरंटीत मशीन द्यायची वेळ आली तर मूळ कार्ड घालूनच द्यायचं, आणि नवं काढून ठेवायचं.