जुनी शिक्षा आणि अडलेले हक्क: काय परत मिळतं, कसं मिळतं

ठरावीक वर्षं उलटली की प्रौढ माणसाची दोषसिद्धी (कोर्टाने दोषी ठरवल्याची नोंद) आपोआप पुसली जाते, असा सरसकट कायदा भारतात नाही. त्यामुळे 'नाव साफ करून देतो' म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. अडलेला हक्क कोणता, ते आधी ठरवा.

पहिलं काम नकलेचं. निकाल दिलेल्या कोर्टाच्या नक्कल विभागात केस नंबर आणि वर्ष देऊन प्रमाणित प्रत मागा. कलम, शिक्षा आणि निकालाची तारीख त्यात मिळेल. सुटकेची तारीख तुरुंगाच्या दाखल्यावरून घ्या, कारण बऱ्याच मुदती तिथून मोजतात.

मतदान फक्त कोठडीत असेपर्यंत बंद असतं. काही निवडणूक-गुन्ह्यांत मात्र ते सहा वर्षं जातं. बाहेर आल्यावर यादीत नाव नसेल तर मतदार नोंदणीचा नमुना ६ भरा. आमदारकी-खासदारकीला दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा आड येते, सुटकेनंतर आणखी सहा वर्षं. काही कलमांना त्याहून कमी शिक्षाही पुरते. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला मात्र सहा महिन्यांची शिक्षाही पुरेशी आहे: सुटकेपासून पाच वर्षं. दारूबंदीच्या गुन्ह्यात नुसता दंड झाला तरी निकालापासून पाच वर्षं धरतात, आणि नेमकं इथेच सरपंचपदाचे इच्छुक फसतात. पाच वर्षांच्या या दोन्ही मुदती राज्य सरकार कमी करू शकतं. पासपोर्टला नैतिक अधःपतनाच्या (चोरी, फसवणूक अशा) गुन्ह्यात किमान दोन वर्षांची शिक्षा अर्जाआधीच्या पाच वर्षांत झालेली असेल तर नकार येतो.

मुदतीपर्यंत थांबायचं नसेल तर अपील. सत्र न्यायालयात ३० दिवस, उच्च न्यायालयात ६०. नक्कल मिळायला लागलेले दिवस वगळतात. उशीर झाला असेल तर विलंबमाफीचा अर्ज जोडा आणि कारणाचे कागद लावा. सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे शिक्षेला स्थगिती घेऊन थांबणं. त्याने तुरुंग टळतो, अपात्रता टळत नाही. दोषसिद्धीलाच स्थगिती हवी, अशी वेगळी मागणी करा आणि ती न मिळाल्यास नेमकं कोणतं न भरून येणारं नुकसान होईल ते लिहा. कोर्टं ती क्वचितच देतात. राहुल गांधींची खासदारकी परत आली ती ४ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशी स्थगिती दिल्यावर.

गुन्हा किरकोळ असेल तर अपिलात परिवीक्षा मागा, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सुटका. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचं कलम १२ दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता काढतं. सरकारी नोकरीतली खातेनिहाय कारवाई मात्र त्याने थांबत नाही.

गुन्ह्याच्या दिवशी वय १८ पेक्षा कमी होतं? हा मुद्दा निकाल कायम झाल्यावरही कुठल्याही कोर्टात काढता येतो. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र आधी, ते नसेल तर पालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि हाडांची तपासणी अगदी शेवटी.

नोकरीच्या पडताळणी फॉर्ममध्ये शिक्षेबद्दल विचारलं असेल तर 'निरंक' लिहू नका. पोलीस पडताळणीत ती सापडली की मूळ गुन्ह्यापेक्षा लपवणंच जास्त नडतं. केस नंबर, कलम, निकालाची तारीख लिहा आणि नक्कल जोडा.