मण्यार चावल्याचा संशय: दवाखान्याकडे कधी निघावे

नाग, घोणस किंवा फुरसे चावल्यावर दवाखान्यात जावे की नाही, यावर सहसा वाद होत नाही. आग आणि सूज माणसाला घरी बसूच देत नाहीत. फसवतो तो मण्यार.

हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. त्याचे दात इतके बारीक असतात की पुष्कळदा झोपही मोडत नाही, सूज येत नाही आणि खूण शोधूनही सापडत नाही. माणूस पहाटे जागा होतो तो पोटात कळ येते किंवा उलटी होते म्हणून, आणि घरचे त्याला ओवा चावायला देतात. आरोग्यसेवक म्हणून गावात रुजू झालो त्या पहिल्याच पावसाळ्यात मीही हीच चूक केली. शेजारच्या मुलाचे हातपाय बॅटरी लावून तपासले, दंश दिसला नाही, म्हणून अपचन ठरवले आणि दोन तास घालवले. उजाडेपर्यंत त्याच्या पापण्या उघडेनाशा झाल्या होत्या. तो वाचला, पण चार दिवस व्हेंटिलेटरवर राहून.

तेव्हापासून मी दंश शोधत बसत नाही. जमिनीवर झोपलेला धडधाकट माणूस रात्रीतून पोटदुखी, उलटी किंवा घशात दुखणे घेऊन उठला, तर सापाचा संशय धरून लगेच निघावे. ‘थोडा वेळ पाहू’ म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांचे या एका बाबतीत ऐकू नये. पापण्या झुकणे, आवाज घोगरा होणे, थुंकी गिळता न येणे, उशीवरून मान न उचलणे ही लक्षणे दिसेपर्यंत थांबणे म्हणजे उशीर करणे होय, कारण मण्यारीचे विष मज्जातंतूंची टोके निकामी करते आणि एकदा झालेली ती हानी प्रतिसर्पविष, म्हणजे सापाच्या विषावरची लस, भरून काढू शकत नाही. मग तंतू पूर्ववत होईपर्यंत श्वास यंत्रानेच द्यावा लागतो.

108 क्रमांकावर फोन करावा. गावातली जीप आधी मिळत असेल तर तिने निघावे. वाटेतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लस आहे का, हे कोणाला तरी फोनवर विचारायला सांगावे. आवळून बांधू नये, चिरा देऊ नयेत, पाणीही पाजू नये. रुग्णाला कुशीवर ठेवावे. साप मारून नेण्याची गरज नाही, कारण आपल्याकडची लस या चारही सापांवर चालते. श्वास मंदावला तर तोंडाने श्वास देत राहावे. पूर्ण लुळा पडलेला माणूस बहुधा सगळे ऐकत असतो, म्हणून त्याच्या उशाशी रडारड करू नये.

दवाखान्यात पोहोचल्यावर लक्षणे नाहीत म्हणून तासाभरात घरी पाठवू लागले, तर जमिनीवर झोपल्याचे स्पष्ट सांगून 24 तास देखरेखीखाली ठेवण्याचा आग्रह धरावा.