'नाइटवुड'वर प्रतिसाद कसा लिहावा

अमेरिकन लेखिका जूना बार्न्स यांची 'नाइटवुड' (१९३६) ही कादंबरी वाचून 'काही कळलं नाही' एवढ्यावर थांबू नका. नेमकं कुठं अडलात ते पान क्रमांकासह लिहा. मी समासात पेन्सिलीने खुणा करत वाचते. माझा प्रतिसाद त्यांतूनच उभा राहतो.

कथानक एका ओळीत उरका: नोरा रॉबिनवर जीव ओवाळते, रॉबिन तिला सोडून जेनीकडे जाते. खरा वेळ पाचव्या प्रकरणाला द्या. तिथं नोरा अपरात्री डॉक्टर ओकॉनरला गाठते, रात्रीबद्दल विचारते, आणि तो बोलतच सुटतो. ते मोठ्याने वाचा. आधी लय पकडा, अर्थ मागून येतो. कवी टी. एस. एलियट यांनीही या कादंबरीच्या प्रस्तावनेत कवितेत मुरलेल्या वाचकाचीच अपेक्षा धरली होती. रॉबिन स्वतः फार कमी बोलते, बाकीचेच तिच्याविषयी बोलतात; तिचं हे गप्प राहणं तुम्हाला कसं वाटलं, ते जरूर लिहा.

'बायका-बायकांमधलं असलं प्रेम पटत नाही' हा शेरा कादंबरीवरचा नव्हे, तो गाळा. तुम्ही स्वतः अशा प्रेमातून गेला असाल, तर किती सांगायचं ते तुम्हीच ठरवा. काही झाकून ठेवूनही प्रामाणिक लिहिता येतं. शेवटी येणाऱ्या कुत्र्याच्या प्रसंगाचा उलगडा मात्र करू जाऊ नका. वाचताना अंगावर काय आलं, तेवढंच मांडा.